मधे कोणी नको

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. समुपदेशकाने स्वतःकडेही बघायला हवं.

शाळेने खोली दिली. आधी तिथे खेळाचं सामान असायचं, कोपऱ्यात अजून हवा गेलेले बॉल आहेत. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या ठेवल्या. तशा ठेवल्या की मुलांवर दडपण येत नाही.

दिवसभरात एक मुलगा आला. त्याला मन मोकळं करायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, पंप कुठंय?

जम बसतोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली केस! सातवीतली मुलगी. गोपनीयता म्हणून इथेही नाव लिहीत नाही. वर्गात तिला आजीबाई म्हणतात, तेच लिहिते. (हेही लिहावं का? अपराधी वाटतंय. असो.)

एकवीस तारखेला सातवीचं शिबिर, तीन दिवस. ही एकटीच येत नाही म्हणते. क्रीडाशिक्षक म्हणाले, अहो, तंबू ठोकण्यात ही पोरगी सगळ्यांना भारी, वर्षभर शिबिर शिबिर करत होती, आता काय बिनसलं तेवढं बघा.

विचारलं. ती म्हणाली, मी गेले तर घरी बोलणार कोण?

तिचे आईबाबा एकाच घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे निरोप हिच्यामार्फत. मला भरून आलं. माझ्या लहानपणी आई आणि काकूंमधला अबोला असाच माझ्यामार्फत चालायचा. त्यामुळे हा विषय मला आतून कळतो. तिला ठामपणे सांगितलं की मोठ्यांच्या मधे मुलांनी कधीही असू नये, हे तुझं काम नाही. ती म्हणाली, हो मॅडम.

मग म्हटलं, आईबाबांना सांग, शुक्रवारी मला भेटायला या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दात घासताना लक्षात आलं, मी काल काय केलं ते. ब्रश तसाच तोंडात.

भर गणिताच्या तासाला तिला बाहेर बोलावून माफी मागितली. ती म्हणाली, असू दे मॅडम, सवय आहे. म्हणाली, दुसराही येणार आहे हे मी दोघांना सांगितलेलं नाही, नाहीतर एकही येणार नाही.

गणित बुडवल्याबद्दल पुन्हा माफी मागितली. गणिताच्या सरांचीही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दोघं आले. एकमेकांना बघून दारातच थबकले. तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून वडील उड्या मारायच्या लाकडी पेटीवर बसले.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, त्यांना विचारा, लेकीला पाठवायचं आहे का. मी विचारलं. हातभर अंतरावरून वडील म्हणाले, तिला सांगा, मी कधी नको म्हटलं? मी सांगितलं. असं करत करत सगळं ठरलं. ती शिबिराला जाणार!

जाताना वडील म्हणाले, मॅडम, तुम्ही असलात की किती सोपं जातं. पण ती तीन दिवस नसताना काय करायचं?

मी म्हणाले, मी आहे ना.

तोंडातून निघून गेलं. पण तत्त्व मोडलेलं नाही. मधे मूल नको, एवढंच म्हटलं होतं. मी मूल नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजीबाईने शिबिरात नाव दिलं आणि व्हरांड्यात चक्क उडी मारली. मग इकडेतिकडे बघून ओढणी सारखी केली.

सराव म्हणून आजपासूनच निरोप माझ्याकडे. नियम केला: एकही शब्द बदलायचा नाही. आम्हाला शिकवलंय, समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत मांडावं. नाहीतर तो त्याच्यावर अन्याय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस लिहिलं नाही. फोन. गीझर बंद करा. दूध कोण आणणार. टॉवेल पलंगावर टाकू नये.

जेवताना चार वेळा उठले. माझी आई म्हणाली, कोणाचे एवढे फोन? मी म्हटलं, गोपनीय आहे. ती म्हणाली, कळतंय की सगळं, मोठ्याने तर बोलतेस. आणि म्हणाली, तू लहानपणीही काकूचं बोलणं मला असंच ठसक्यासकट ऐकवायचीस, म्हणून तर आमचं इतकं लांबलं.

आईचे विनोद. तरी झोप आली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजीबाईच्या घरी स्वयंपाकघरातला नळ गळतोय. तिच्या आईचा निरोप: त्या महाभागाला सांगा, नळ दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या.

जरा जड वाटला. पण नियम तो नियम. दिला.

वडिलांचा निरोप: तिला सांगा, माझे डोळे लग्नाआधीच तपासायला हवे होते.

दिला. एकही शब्द चुकवला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोघांचेही फोन बंद. म्हणजे आता माझी गरज उरली नाही. हीच तर यशाची खूण. उद्या बस. आजीबाईला निरोप द्यायला लवकर जायचं. तिच्यासाठी टॉर्च घेतला. (बाकीच्यांवर अन्याय होईल का? गुपचूप देते.)

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळी मुलं रंगीत कपड्यांत, पाठीवर सॅक. ती गणवेशात, दप्तर घेऊन.

म्हणाली, काल आईबाबा एकमेकांशी बोलले. मी म्हटलं, अगं, थेट? ती म्हणाली, हो, भांडले. बाबा रात्रीच आत्याकडे गेले.

मी सांगायला लागले की मी पदरचं काहीही घातलं नाही, निरोप शब्दन् शब्द खरा होता. ती म्हणाली, तेच ना मॅडम. आई महाभाग म्हणते तेव्हा मी जाऊन सांगते, बाबा, नळाचं जरा बघाल का. ते म्हणतात, बघतो. मग मी आईला सांगते, बाबा म्हणाले, दमली असशील, बस जरा.

विचारलं, पण हे तर कोणीच म्हटलेलं नसतं ना? ती म्हणाली, नाही. पण नळ दुरुस्त होतो.

क्रीडाशिक्षकांनी बसच्या दारातून हाक मारली. तिने हात हलवला आणि मानेनेच नाही म्हटलं. बस गेली. ती वळणापर्यंत बघत राहिली. गणिताच्या तासासाठी मी किती माफ्या मागितल्या होत्या, इथे मात्र तोंडच उघडेना. टॉर्च पर्समध्येच.

तेवढ्यात फोन वाजला. तिची आई. आजीबाईने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, आई, मॅडम म्हणतायत, चूक त्यांची आहे, तू बाबांवर रागावू नकोस. आणि बाबा विचारत होते, तू जेवलीस का.

बाबांचं मला माहीत नाही. मी तसं काही म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं.