घोडशीर

सांगली, ७ जानेवारी १९७४

पुन्हा तेच — विश्रांती घे. मग हळदीची पोती कोण वाहणार? तीनदा सांगितलं डॉक्टरांना, फळीवरून ट्रकात चढताना सगळं वजन चवड्यावर येतं. म्हणाले, "तेच तर दुखणं आहे. त्यात पहाटे डांबरी रस्त्यावर पळतोस. टाचेवरच्या त्या घोडशिरेनं किती ओढायचं?"

पळायचं नाही तर भरती कशी व्हायची? आजा पलटणीत, आबा पलटणीत. यंदाची शेवटची, पुढं माझं वय बसत नाही. बुटासाठी पैसे बाजूला टाकतोय. तोवर अनवाणी.

९ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं तसा चपलेत टाचेखाली चामड्याचा तुकडा घातला. मुकादम भाऊसो म्हणाला, "काय रं लालासाहेब, उंच झालास जणू."

२८ फेब्रुवारी

सकाळी पाय टेकवत नाही. भिंत धरून चालायचं. दुपारी शीर सैल होते, वाटतं बरं झालं. दुसऱ्या सकाळी परत तेच. पोती वाहणं बंद. भाऊसोनं पोती शिवायला बसवलंय — सगळ्या बाया आणि मी. पेठेत नाव पडलंय, बगळा.

१४ एप्रिल

आज दुखत नव्हतं. हरिपूरच्या रस्त्यानं पळालो, चिंचांच्या सावलीतनं. लय बरं वाटलं. अर्ध्या वाटेत कळ आली. लंगडत माघारी. डॉक्टरांना बोललो नाही.

३ मे

गावी आलोय. आबांनी माझं चालणं बघितलं. जेवताना म्हणाले, "आमी तापल्या वाळूत पळालो. तुला चपलंत गादी लागती व्हय?" आई म्हणाली, "आवं, जेवू द्या की त्याला."

४ मे

आबांनी विळा तापवून घोडशिरेवर डाग दिला. कळ जाते म्हणून आमच्याकडं देतातच, जनावराला काय, माणसाला काय. गुंडानं पाय धरला. धाकटा भाऊ, पण हात घट्ट. मी ओरडलो नाही. आबा खूश.

दिवसभर शीर दुखली नाही. जळत होतं त्यापुढं तिचं काय कळणार.

६ जून

डाग चिघळला. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली. मग म्हणाले, "बरा होणारा पाय होता रे."

हे त्यांनी म्हणायला नको होतं.

२० सप्टेंबर

साताऱ्याला भरतीला गेलो. कातडी आवळलीय, टाच पुरती टेकत नाही, तरी रांगेत उभा राहिलो. तपासणीच्या डॉक्टरनं डागावर अंगठा दाबला. "हे कुणी केलं?" मी म्हणालो, पडलो होतो. त्यानं पुढच्याला बोलावलं.

पळायलासुद्धा लावलं नाही.

२१ सप्टेंबर

लिहिण्यासारखं काही नाही.

१७ नोव्हेंबर

आता डॉक्टर सांगतात ते सगळं करतो. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, सावकाश. कशासाठी, ते विचारायचं नाही. पोती शिवायची, खोलीवर यायचं, पडायचं.

९ डिसेंबर

गावचा कृष्णात पेठेत गूळ न्यायला आला. म्हणाला, "तुझा गुंडा लय पळतोय गड्या. पहाटं बी, सांजचं बी. पर टाच धरलीया त्याची. तुझं आबा म्हनलं, येत्या आवसंला डाग देतो."

हातातली सुई तशीच राहिली.

१० डिसेंबर

कृष्णातजवळ निरोप दिला — गुंडा, पळणं बंद. विश्रांती घे. विळ्याजवळ जाऊ नको. आवसेच्या आत एसटी धरून इकडं ये. डॉक्टरांशी बोललोय.

बुटाचे साठवलेले होते ते त्याच्याच हाती पाठवतोय. तीस रुपये.