साडेचार अब्ज वर्षं, नऊ वार

रविवार, ५ एप्रिल १९८७

१. ईडन प्रेरी, मिनेसोटा. महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा. जागा – एका शाळेचा भाड्याने घेतलेला जिम.
२. मला तासाभरासाठी बोलावलं होतं. विषय – पृथ्वीचा इतिहास.
३. मी स्लाइड्स नेल्या. प्रोजेक्टरचा दिवा गेला. दुसरा नव्हता.
४. ही शाळा चालवणाऱ्या प्रतिमामावशी गाडीतून एक इरकली नऊवारी घेऊन आल्या. पाडवा सोमवारी झाला, मंडळाचा पाडवा काल शनिवारी. नाटकातली साडी डिकीतच राहिली होती.
५. साडी जमिनीवर लांबच लांब अंथरली. एक वार म्हणजे पन्नास कोटी वर्षं.
६. कागदावर काढलेला डायनासोर चुकीच्या जागी लागला. चूक मावशींची. मी सगळ्यांसमोर दुरुस्त केली.
७. माझा तास त्यांनीच घेतला. मला राग आला नाही.

सातव्या मुद्द्याचं कारण अजून सापडलेलं नाही.

सोमवार, ६ एप्रिल

सापडलं बहुतेक.

मावशींनी मला एवढंच विचारलं होतं, पृथ्वीचं वय किती. मी म्हटलं, साडेचार अब्ज, थोडं वर. त्या लगेच म्हणाल्या, "मग वाराला पन्नास कोटी." त्या कापडाच्या दुकानात काम करतात, दिवसभर वारच मोजतात. मी मनात गणित केलं. बरोबर होतं. त्या ‘थोडं वर’ला साडेतीन इंच कमी पडतात. चालेल.

मग इरकलीचा पदर. अंगाहून वेगळा, लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा. वार-सव्वा वार लांब. आणि शिंपले, मासे, झाडं, सरडे, डायनासोर, आपण – डोळ्यांना दिसेल अशी सगळी जीवसृष्टी शेवटच्या सत्तावन्न कोटी वर्षांतली. म्हणजे सगळं पदरात! आठ वार जवळजवळ कोरे. चार वर्षं भूशास्त्र शिकतेय, हे असं कधी दिसलं नव्हतं.

चूक अशी. डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले, असं त्या मराठीत म्हणाल्या. बारा वर्षांच्या अमितने विचारलं, हाऊ मेनी मिलियन? त्या म्हणाल्या, सिक्स अँड अ हाफ. त्याने पदराच्या टोकापासून अर्ध्या इंचावर डायनासोर टाचला. मी म्हटलं, "सिक्स्टी-फाइव्ह." माझा आवाज असतो तसाच होता. कोरडा.

मावशी हसल्या. "बघा, मी बिचाऱ्यांना सहा कोटी वर्षं फुकट जगवलं! आता सांगा, मी कुठे घसरले?"

मुलांनी शोधून काढलं. कोटीत दहा मिलियन असतात, हे चौदाही मुलांना आता आयुष्यभर कळलं. डायनासोर पावणेपाच इंचांवर गेला. मावशी म्हणाल्या, "सह्याद्रीचा काळा दगडही इथलाच. तुमचे आजोबा ह्या टाचणीवर राहतात."

मी चुकले असते तर स्लाइड पुढे ढकलली असती.

शनिवार, ११ एप्रिल

विद्यापीठातली माझी असिस्टंटशिप जूनअखेर संपते. प्राध्यापकांनी काल स्पष्ट सांगितलं, पुढच्या वर्षी ग्रँट नाही. पीएचडी राहील, मास्टर्स मिळेल. नोकरी मिळाली तर थांबता येईल, नाही तर पुणे. तेल कंपन्या गेल्या वर्षापासून कोणालाच घेत नाहीत.

नोंद केली. पुढे.

रविवार, १९ एप्रिल

ईस्टर. जिम बंद. मावशींकडे जेवायला गेले. त्यांचे यजमान श्रीरामकाका आग्रह करत नाहीत, सरळ ताटात वाढतात.

पुढच्या रविवारी शहरातल्या एका छोट्या विज्ञान संग्रहालयात मुलांचा दिवस आहे. विभागातून कोणीतरी जायचं आहे, प्राध्यापकांनी माझं नाव दिलं. मी मावशींना विचारलं, याल का. काका म्हणाले, "साडीला बोलावलंय की हिला?" मावशी म्हणाल्या, साडीला एकटीला ड्राइव्ह करता येत नाही.

भांडी पुसताना कळलं – नागपूरला बीएस्सी, बीएड. तीन वर्षं शाळेत शिकवलं. एकाहत्तरला इथे. इथली सर्टिफिकेटं पुन्हा घ्यायची होती, मग मुलं झाली, मग दुकान. तक्रार नव्हती. फक्त एवढं म्हणाल्या, "दुकानात संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात गं. वर्गात उभी राहिले की येत नाहीत. डॉक्टरला सांगितलं तर हसेल."

मी हसले नाही.

रविवार, २६ एप्रिल

संग्रहालय. अमेरिकन मुलं, आठ-दहा वर्षांची, पन्नासेक तरी; मावशींसोबत अमितही आलेला. साडी लांबच्या दालनात अंथरली.

मला काळजी होती ती कोऱ्या आठ वारांची. मुलं तिथे कंटाळणार. मी सुचवलं होतं, पदरापासून सुरू करू. मावशी नाही म्हणाल्या. "वाट पाहिल्याशिवाय पदर कसा कळेल?"

पहिल्या टोकाला सगळ्यांना उभं केलं. वितळलेले दगड, उल्का. दुसरा वार संपत आला तिथे मी माझा दगड ठेवला – मिनेसोटा नदीच्या खोऱ्यातला, गुलाबी-करड्या पट्ट्यांचा, तीनशे साठ कोटी वर्षांचा. मी ज्याचं वय काढते तो. मावशींनी प्रत्येकाला हात लावायला लावलं. मग म्हणाल्या, आता जीव आला. कोणता? स्लाइम – नुसता बुळबुळीत, चिकट थर! आता प्रत्येक पावलाला, मोठ्याने, काय आहे ते सांगायचं.

स्लाइम. स्लाइम. स्लाइम. पन्नास मुलं, जवळजवळ सहा वार. आधी ओरडली, मग हसली, मग खरोखर थकली. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, अजूनही स्लाइमच? मावशी म्हणाल्या, "यस, डार्लिंग. स्टिल."

आणि मग पदर लागला. कोणाला सांगावं लागलं नाही. मुलं आपोआप गुडघ्यांवर बसली.

मी भिंतीशी उभी होते. खनिजाच्या कणातून साठ लाख इकडे, साठ लाख तिकडे, एवढ्या अचूकतेने मी वय काढू शकते. ते वय किती लांब असतं, हे मला आज कळलं.

संचालक लुंडग्रेन शेवटी आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, अप्रतिम कल्पना. मावशी पलीकडे टाचण्या गोळा करत होत्या. मी थँक यू म्हटलं.

बुधवार, २९ एप्रिल

लुंडग्रेन यांचा फोन. संग्रहालयात शाळांच्या सहलींसाठी शिक्षक हवा आहे, जूनपासून. पूर्णवेळ. व्हिसाच्या कागदांना ते मदत करतील. "तुमचा साडीचा धडा वर्षभर चालवायचा आहे."

तुमचा.

मी म्हटलं, विचार करून सांगते. "धडा माझा नाही" हे त्याच दमात सांगता आलं असतं.

गुरुवार, ३० एप्रिल

कोणाशी बोलले नाही.

शुक्रवार, १ मे

सीमाला सांगितलं. माझी रूममेट, मुंबईची, कॉम्प्युटर सायन्सची. ती भात ढवळत म्हणाली, "घे ना यार. त्यांचं घर आहे, नवरा आहे, ग्रीन कार्ड आहे. तुझं काय आहे?"

एक दगड, मी म्हटलं.

"तो कस्टम्सवाले घेतील."

मुद्दे तिचे बरोबर आहेत.

रविवार, ३ मे

प्रयोग केला.

मावशींची दुकानात पाळी होती. शाळेत आज नवी, लहान मुलं होती, शिवाय अमितसारखी दोन-चार जुनी. धडा मी घेतला. साडी तीच, माप तेच. सगळे आकडे बरोबर.

मुलं शांत बसली. शेवटपर्यंत शांत. एकाने घड्याळ पाहिलं. कोऱ्या कापडावरून मी त्यांना भराभर नेलं, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पदराशी कोणी गुडघ्यांवर बसलं नाही.

अमित जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, कॅन वुई डू द स्लाइम पार्ट?" मी म्हटलं, चला. म्हणून पाहिलं. मी तो शब्द बोलले की त्याची व्याख्या होते!

निष्कर्ष – मला हा धडा पाठ आहे. येत नाही.

दुःख म्हणावं असं काही वाटलं नाही. एखादी गोष्ट इतकी चांगली करणारं माणूस आपण जवळून पाहिलंय, हेच वाटत राहिलं. परत येताना बसमध्येही.

सोमवार, ४ मे

सकाळी लुंडग्रेन यांना फोन केला. सांगितलं – धडा सौ. प्रतिमा यांचा आहे. साडी, माप, पावलं, सगळं त्यांचं. माझा फक्त दगड.

ते म्हणाले, पण त्या भूशास्त्रज्ञ नाहीत. मी म्हटलं, तुम्हाला शिक्षक हवाय. विज्ञानाची पदवी आहे, शिकवण्याचीही आहे, तीन वर्षं शाळेत शिकवलंय. त्यांनी विचारलं, त्या चुकणार नाहीत याची खात्री? मी खरं सांगितलं. चुकतील. पहिल्याच दिवशी चुकल्या. आणि त्या चुकीतून चौदा मुलं जे शिकली, ते माझ्या बरोबर उत्तरातून शिकली नसती.

"अँड यू?" त्यांनी विचारलं.

मी जागा घेत नाही, म्हटलं. ते म्हणाले, ठीक, येत्या सोमवारी त्यांना भेटतो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं – मावशींना ही जागा हवी आहे का, हे मी विचारलेलंच नाही.

मंगळवार, ५ मे

चिठ्ठी लिहिली. संध्याकाळी दुकानात त्यांच्या हातात देईन. मजकूर असा –

प्रतिमामावशी, संग्रहालयात शिक्षकाची जागा आहे, पूर्णवेळ, जूनपासून. ती त्यांनी मला देऊ केली होती, धडा माझा समजून. मी नाही म्हटलं आणि धडा कोणाचा ते सांगितलं. तुमच्या वतीने हो म्हटलेलं नाही. ते तुम्हीच म्हणायचं, किंवा नाही म्हणायचं. लुंडग्रेन सोमवारी, ११ तारखेला, सकाळी दहाला तुम्हाला भेटतील. जाणार की नाही, ते मला शुक्रवार, ८ मेपर्यंत कळवा. – सुलेखा