राजाचं पुढे काय झालं?

प्रिय बारके,

तीन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर आलो. कागद उचलावाच लागतो, निदान फेकायला तरी. आई गेली त्या आठवड्यात तू म्हणालीस, ती मरेपर्यंत मला खोटारडी समजत राहिली, आणि ते तुझ्यामुळे, दादा. मी उत्तर दिलं नाही. चारचौघांची टोपी उडवून पोट भरणारा मी, घरात मात्र माझी दातखीळ बसते. ते उत्तर मी तुला अजून देणं लागतो, विसरलेलो नाही. पण सरळ मुद्द्यावर येईन तर मी तुझा दादा कसला? आधी घरचं ऐक.

तुझी वहिनी बरी आहे. गुडघ्यांनी संप पुकारलाय, तोंडाने नाही. माझं सदर बंद पडलं. संपादक म्हणाले, हल्ली विनोदाने लोकांच्या भावना दुखावतात. मी म्हटलं, माझ्या विनोदाने तर तुम्हाला झोप लागायची. असो. आता एका प्रकाशकाकडे खुर्ची उबवतो. पाठ दुखते, डोळे दुखतात, आणि दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून करून स्वतःचं एक धड सुचत नाही. थकलोय गं. झोपून जाईल असला हा थकवा नव्हे.

गेल्या वर्षी मालकांनी एक काम दिलं. धर्मग्रंथाची मुलांसाठी आवृत्ती, रंगीत चित्रं, मोठा टाइप. अट एकच, देवाने कुणाला मारलेलं नको. पालक घेत नाहीत म्हणाले. मी यादी केली: शाप, क्रोध, भस्म, पूर, आग, महामारी. यादीतला शब्द दिसला की उतारा बाद. दोन महिन्यांत देव इतका गोजिरवाणा झाला की त्याला कडेवर घ्यावं. प्रुफं वाचणाऱ्या बाईंनीही मान डोलावली. पुस्तक छापून दुकानात गेलं.

मग एका आईचा फोन आला. म्हणाल्या, अहो, आमच्याकडच्या प्रतीत पानं कमी आहेत. मुलगी दोन दिवस शोधतेय. तो राजा मजुरांची तान्ही बाळं तटबंदीच्या पायात पुरतो ना, त्याचं पुढे काय झालं? मी प्रत काढून बघितली. पानं सगळी जागेवर. पुढच्याच ओळीत राजा चाळीस वर्षं सुखाने राज्य करत होता. तट कोसळतो, जमीन दुभंगते, राजा गडप होतो, ते सगळं मी उडवलं होतं. शिक्षा शोधून शोधून उडवल्या आणि गुन्हे जिथल्या तिथे राहू दिले, कारण गुन्ह्याचे शब्द यादीत नव्हतेच. पुस्तकभर तेच. भाऊ भावाला विहिरीत ढकलतो आणि जेवायला बसतो. विधवेचं शेत बळकावतात आणि देव म्हणे प्रसन्न. त्या बाईंना म्हटलं, पान चिकटलं असेल, बघतो.

मालकांनी प्रती परत मागवल्या, मला अद्वातद्वा बोलले, ते वाजवीच होतं. पण मी त्या पुस्तकाशी बसून राहिलो. आयुष्यभर मी या गोष्टींची टिंगल केली. म्हणायचो, देव आहे की फौजदार? आता वाटतं, त्या गोष्टी देवाच्या नव्हेतच. ज्यांची बाळं तटाच्या पायात गेली, त्यांच्या आहेत. दाद मागायला कचेरी नव्हती, राजाचा हात धरेल असा माईचा लाल नव्हता, म्हणून त्यांनी आभाळाला राग आणला. कुणीतरी बघितलंय आणि कुणालातरी ते सहन झालं नाही, एवढंच त्यांना लिहून ठेवायचं असेल. आता लगेच माझ्या अंगात भक्ती आली असं समजू नकोस. तीच गोष्ट मार देणाऱ्याच्या हाती गेली की तिची छडी होते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आपल्या शाळेत हेडसर रोज प्रार्थनेनंतर एकेका वर्गात जाऊन त्या ग्रंथातली एक गोष्ट वाचायचे, आणि आगीच्या पावसाने शहर जळतं ती त्यांची विशेष लाडकी. तू तिसरीत होतीस. मी सातवीतला, हजेरीचं पुस्तक घेऊन तुमच्या वर्गाच्या दारात उभा. तू हात वर करून विचारलंस, सर, त्या शहरात लहान मुलं नव्हती का? सरांनी पुस्तक मिटलं, बोट घालून, पान हरवू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने तुझ्या डाव्या कानावर मारली. तू बाकावर आपटलीस. त्या कानाने तुला पुन्हा ऐकू आलं नाही.

बाबा त्याच शाळेत कारकून, घर शाळेच्या आवारात, डोक्यावरचं छप्पर सरांच्या मर्जीवर. कचेरीत सरांसमोर बाबांनी मला विचारलं, काय रे, जिन्यावरून पडली ना ती? मी हो म्हटलं. बाबांनी रजिस्टरात तसं लिहिलं. संध्याकाळी तू आईला खरं ते सांगितलंस, आणि आईने घरात मला विचारलं, तिथे सर नव्हते, बाबाही नव्हते. तेव्हाही मी हो म्हटलं. तू कोपऱ्यात कानाला हात लावून माझ्याकडे बघत होतीस. तुझा प्रश्न बरोबर होता, बारके. मुलं असणारच त्या शहरात. रजिस्टरात काहीही लिहिलेलं असो, तू विचारलंस, आणि मी बघितलं, हे दोन्ही घडलं होतं.

आता हे का लिहितोय ते. हेडसर नव्वदीचे झालेत, शाळा त्यांचा गौरवग्रंथ काढतेय. माझ्याकडे खुसखुशीत आठवण मागितली आणि मी दिलीही, लाज वाटते सांगायला. ती मागच्या सोमवारी परत घेतली. तिच्या जागी एक पान दिलं: तिसरीतल्या एका मुलीला सरांनी कानावर मारताना मी पाहिलं, तिचा कान कायमचा गेला, आणि मी दोनदा खोटं बोललो, दुसऱ्यांदा आईशी. समितीचे चिटणीस फोनवर म्हणाले, अहो साहेब, म्हातारा माणूस, जाऊ द्या ना, झालं गेलं. मी म्हटलं, छापा किंवा छापू नका, पान मी परत घेणार नाही. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ती मुलगी कोण? ते मी सांगितलं नाही. तुझं नाव सांगायचं की नाही, ते तू ठरव, आणि काहीच ठरवलं नाहीस तरी चालेल. माझं नाव मी सहीसकट दिलं आहे.

तुझाच, तू म्हणशील तर,
दादा