मंडल्याचं सागवान

बाबा,

मागच्या महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको मंडल्याला जाऊन आलो. जबलपूरच्या नव्या घराला दरवाजा सागवानीच हवा, हा तुमच्या सुनेचा हट्ट, आणि सागवान म्हटलं की आपल्याला मंडलाच आठवतं. वास्तुशांतीची तारीख ठरून बसलेली, तेव्हा लाकूड चांगलं मुरलेलं हवं होतं. नर्मदेचा घाट, किल्ल्याच्या पडक्या भिंती, सगळं जागेवर आहे. तुम्ही कारकुनी केलीत तो सरकारी लाकडाचा डेपोही आहे. फाटकापाशी गाडी हळू केली. संध्याकाळी इथंच तुम्ही चपला काढून झटकायचात. सरकारची धूळसुद्धा ह्यांना चिकटत नाही, असं आई चिडवायची, आणि चुलीसाठी ढलप्या बाजारातून विकत आणायची. एकदा मी क्रिकेटचा स्टंप करायला डेपोतली एक ढलपी उचलून आणली. तुम्ही ओरडला नाहीत. भर उन्हात हाताला धरून नेलंत, चौकीदारासमोर मलाच ती ठेवायला लावलीत, आणि येताना उसाचा रस पाजलात. राग आला होता तुमचा. रस मात्र सगळा प्यालो.

बाजारातल्या लाकडाच्या दुकानात मनासारख्या फळ्या दिसल्या, पण त्यांवर खडूनं कुणाचं तरी नाव होतं. तो माणूस तिथंच उभा होता. शाळामास्तर, मुलीच्या लग्नातल्या पलंगासाठी त्यानं त्या धरून ठेवल्या होत्या. म्हातारे शेठजी म्हणाले, पुढचा माल येईल तेव्हा तुम्हाला देतो. मी तिथूनच परतायला हवं होतं. मी तुमचं नाव सांगितलं. ओघात नाही निघालं, बाबा, समजून-उमजून सांगितलं.

शेठजी उठून उभे राहिले. "बाबूजी ने हमारे यहाँ कभी चाय तक नहीं पी," ते म्हणाले. "आप तो पिएँगे न?"

मी प्यालो. तोवर त्यांनी फडक्यानं खडू पुसून टाकला. मास्तर फळ्यांपासून बाजूला सरकले. मी घुटमळलो, तर तुमची सून हळूच म्हणाली, "काहून विचार करून राहिले इतका? तारीख जवळ आली न आपली." मास्तरांच्या मुलीची तारीख कधीची, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. लाज तेव्हाच वाटली होती, पण फळ्या गाडीवर चढेपर्यंत मी ती गिळून बसलो.

दरवाजा सुरेख झालाय. येणारा-जाणारा हात फिरवून विचारतो, असं लाकूड मिळालं कुठं? मी सांगतो, बाबांच्या ओळखीनं. परवा तुमच्या डेपोतले काका आले होते, आता फार थकलेत. त्यांनाही तेच सांगून बसलो. त्यांनी दरवाज्यावरचा हात काढून घेतला. "म्हणजे त्यानंही?" एवढंच म्हणाले. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी त्यांच्या नजरेतून उतरलात ते तुम्ही, मी नाही. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणूनच एवढं लिहवतंय. खरं सांगायला मी काकांच्या मागे रस्त्यापर्यंत गेलो होतो. आणि विचारलं, ऑटो बोलावू का.