सहभागी निरीक्षण

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
नवी वही. जुनीत जुने विचार फार झाले होते. आजपासून रोज दोन पानं प्रबंध, काहीही झालं तरी. विषय इथे लिहून ठेवतो, कारण मधे मधे निसटतो: ‘खेळ आणि सामाजिक गतिशीलता: नाशिक जिल्ह्यातील महिला खो-खोपटूंचा समाजशास्त्रीय अभ्यास’. नोंदणी २०१८. तिसरी मुदतवाढ ३१ डिसेंबरला संपते. अठ्ठावन्न दिवस, म्हणजे एकशे सोळा पानं. आरामात. प्रस्तावना तर तयारच आहे, फक्त लिहायची राहिलीय.

सकाळी ७.४०
टेबलाची जागा चुकीची होती. खिडकीशी सरकवलं. आता ऊन डोळ्यांवर येतं. उद्यापासून.

५ नोव्हेंबर
गाइड मॅडमचा पुण्याहून फोन. म्हणाल्या, वाचन भरपूर झालंय, पण सोमनाथ, तुम्ही खो-खोचा एखादा सामना पाहिलाय का? प्रश्न जरा वैयक्तिक वाटला. मी म्हटलं, नुसता पाहणार नाही, मी संघातच जाणार आहे. सहभागी निरीक्षण. लांबून बघायचं नाही, त्यांच्यातलंच एक व्हायचं. मॅडमनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. त्यांना हे अपेक्षित नसावं.
दुपारी प्राचार्यांना भेटून आमच्या कॉलेजच्या मुलींच्या संघाचं मॅनेजरपद मागून घेतलं. ते दोन वर्षं कोणी घेत नव्हतं म्हणे. लोकांना दृष्टी नसते.

७ नोव्हेंबर
मनोज देवरे यांच्याशी चर्चा. हे आमचे क्रीडाशिक्षक, मूळ देवळ्याचे. त्यांच्या मते मॅनेजरचं काम एवढंच, की मुलींना वेळेवर गाडीत बसवायचं आणि वेळेवर मैदानात उतरवायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. व्यवस्थापनाचं फारच मर्यादित आकलन.
कॅप्टन संध्या गावित. तिसऱ्या वर्षाला, मी शिकवतो त्याच वर्गात, पण वर्गात क्वचित दिसते. सुरगाण्याकडची, इथे हॉस्टेलला. ती म्हणाली, कॉलेजातलं हे शेवटचं वर्ष आहे. देवळ्याला होणाऱ्या आंतरकॉलेज स्पर्धेतून विद्यापीठाच्या निवड चाचणीला मुली घेतात. विद्यापीठाकडून खेळलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यात अर्ज करता येईल. अंगावर काटा आला. हे तर माझं तिसरं प्रकरण! लगेच बाजूला जाऊन टिपून घेतलं. ती पुढे बोलतच होती, पण मुख्य मुद्दा मला मिळाला होता.

११ नोव्हेंबर
सकाळी सहाला सरावात सहभागी झालो. पहिल्याच फेरीत लक्षात आलं की निरीक्षण बसून जास्त चांगलं होतं.
प्रश्नावली पूर्ण. चौऱ्याऐंशी प्रश्न. नमुना म्हणून बायकोला, उज्वलाला, भरायला दिली. नवव्या प्रश्नावर ती म्हणाली, बँकेला उशीर होतोय. प्राथमिक चाचणी समाधानकारक.

१८ नोव्हेंबर
उद्या देवळा. मनोज आजच पुढे गेले, सामन्यांचा ड्रॉ काढायचाय. जाताना परत तेच: साडेनऊला हजेरी, दहाला पहिला सामना, सर, सहाला निघायचंच. मी म्हटलं निश्चिंत राहा.
अंघोळ करताना विचार सुचला. सामन्याआधीची मानसिकता! ही कोणी नोंदवतच नाही. हरल्या-जिंकल्यावर सगळेच विचारतात. वाटेत चांदवडला चहाला थांबूच, तिथे प्रश्नावली भरून घ्यायची. अर्धा तास पुरे.

१९ नोव्हेंबर, बुधवार. चांदवड, सकाळी ८.०५
हॉटेलच्या पत्र्याखाली बारा मुली ओळीने बसून लिहितायत. काय दृश्य आहे. सहाऐवजी सहा चौतीसला निघालो, कारण मी पेनं विसरलो होतो. प्रश्न ३१ चालू. फोन सायलेंटवर, बाहेरचा प्रभाव नको. संध्याने दोनदा विचारलं, निघायचं का. नोंद: सामन्यापूर्वीची अस्वस्थता लक्षणीय.

संध्याकाळी ६.३०
संघाला किंचित उशीर झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा दहा पस्तीस. नियमाप्रमाणे समोरच्या संघाला सामना बहाल करण्यात आला होता. न खेळता बाहेर. नियम फार यांत्रिक असतात.
मनोज फाटकाशी उभे होते. माझ्या फोनवर त्यांचे सतरा मिस्ड कॉल. त्यांनी एवढंच विचारलं, कुठे होता. मी चांदवड म्हटलं. माझ्या हातातल्या प्रश्नावलीच्या गठ्ठ्याकडे त्यांनी पाहिलं आणि ते मुलींकडे गेले.
परतीच्या गाडीत बाराही मुली माझ्यापासून लांब, मागच्या सीटांवर दाटीवाटीने बसल्या. गटातली एकजूट वाढलेली दिसते.
एक हजार आठ उत्तरं हाताशी आहेत. हेही विसरून चालणार नाही.

२१ नोव्हेंबर
उत्तरं तपासायला घेतली. प्रश्न ५२: ‘खेळामुळे तुमच्या कुटुंबाच्या तुमच्याकडून असलेल्या अपेक्षांत कोणता बदल झाला?’ आठ जणींनी समोर एकच वाक्य लिहिलंय: सर, उशीर होतोय. अवैध म्हणून बाजूला काढली. त्यापुढचे प्रश्न बहुतेकींनी कोरेच सोडलेत. जेवण जात नाहीये. पित्त असावं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
संध्या स्टाफरूममध्ये आली. बस म्हटलं तर बसली नाही. तिने मनोजबरोबर जाऊन निवड समितीला विनंती केली होती. समिती म्हणाली, संघ तर बाद झाला, पण चूक मुलींची नव्हती असं कॉलेजने लेखी दिलं, तर चाचणीला मुली घेऊ. सोमवारी पाचपर्यंत.
“सर, एक ओळ लिहून द्या,” ती म्हणाली. “उशीर मॅनेजरमुळे झाला, मुलींमुळे नाय. तेवढं पुरतं त्यांना.”
मी म्हटलं, एक ओळ कशाला, चांगलं सविस्तर देतो. ती म्हणाली, एकच द्या सर. मुलींचा नम्रपणा.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११
पत्राला बसलो. नुसतं ‘उशीर झाला’ म्हणून भागत नाही. उशीर म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे.

दुपारी २.३०
दोन पानं झाली. रोजच्या संकल्पाची आज पहिल्यांदा पूर्तता! घड्याळाच्या वेळेची शिस्त आणि ग्रामीण समाज हा मुद्दा छान उतरलाय. चहाचाही ऊहापोह केलाय. ‘मॅनेजर’ हा शब्द अजून आलेला नाही, तो शेवटी आणतो.

दुपारी ४.४०
चार पानं. तळटीपा राहिल्या. तीनदा उठलो, तीनदा पाणी प्यायलो. तो शब्द बसत नाहीये. ‘व्यवस्थापकीय पातळीवरील बहुविध घटक’ असं केलं. प्रिंट काढतो.

सायंकाळी ५.३५
समितीच्या कार्यालयाची खिडकी बंद होती. शिपायाने सांगितलं, उद्या या. रिक्षातून उतरताना चौथं पान हरवलं.

२६ नोव्हेंबर
चाचणी आज सकाळी झाली. आणि संध्या चाचणीला होती!
प्राचार्यांनी बोलावून एक कागद दाखवला. सोमवारी दुपारी बारालाच समितीकडे पोहोचलेल्या पत्राची प्रत. ‘देवळा येथे संघास उशीर माझ्या चुकीमुळे झाला. मुलींचा दोष नाही. मनोज देवरे, क्रीडाशिक्षक.’ खाली सही.
प्राचार्य म्हणाले, देवरेंकडून असा हलगर्जीपणा अपेक्षित नव्हता. माझ्याकडे बघत होते. मी पंख्याकडे बघितलं.

२९ नोव्हेंबर
मनोजना एक वर्षासाठी क्रीडा समितीतून काढलं. त्यांच्या जागी प्रभारी म्हणून माझी नेमणूक. आदेश हातात आहे.
खरं सांगून टाकावं, असं दोनदा वाटलं. पण आता सांगणं म्हणजे मनोजच्या त्यागाचा अपमान. उलट प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव ठळक अक्षरात घालीन. उज्वलाला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे तू गप्प बसलास? मी तळटीपांचं सांगायला लागलो, तर ती उठून बाल्कनीतले कपडे काढायला गेली. ते अजून ओले होते.

१ डिसेंबर
संध्याची विद्यापीठाच्या संघात निवड. नोटीस बोर्डासमोर तीनदा जाऊन आलो. बारा जणींपैकी एकटीच. बाकीच्यांची नावं मला पाठ आहेत, ती वाचायला तिथे नव्हतीच.

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ८
सहाला मैदानावर गेलो, प्रभारी म्हणून. गळ्यात नवी शिट्टी. मुलींचा सराव आधीच चालू होता. मनोज रेषेच्या बाहेर कट्ट्यावर बसले होते. आत यायची त्यांना परवानगी नाही.
त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ते सरकले, मी बसलो. म्हटलं, ते पत्र मी द्यायला हवं होतं.
“हो,” ते म्हणाले.
ते खेळ बघत राहिले.
तेवढ्यात संध्या आली. एक मुलगी आली नव्हती, ओळीत जागा रिकामी होती. बसता का सर, म्हणाली. चेष्टा नव्हती तिच्या आवाजात. माणूस कमी होतं, एवढंच.
बसलो. आठ जणांची ओळ, एक आड एक उलट तोंडं. बोटं मातीत टेकवून, खो मिळाला की उठून धावायच्या तयारीत. संध्या पाठीमागून गेली. परत आली. शेजारच्या मुलीला खो, पलीकडच्या मुलीला खो. उठल्या, धावल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या येऊन बसल्या. प्रत्येक वेळी माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. नऊ मिनिटांचा डाव. मला खो कोणीच दिला नाही.
डाव संपला तेव्हा दोन्ही पाय बधिर झाले होते. दोघी जणींनी काखेत हात घालून उभं केलं.