भोपळ्याला दाद

तीर्थस्वरूप मामांना,

पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजावं. (खरोखरच ठेवलं असतं, पण गेल्या आठवड्यात लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना कंबर धरली, ती अजून सोडायला तयार नाही.) मामीचा गुडघा कसा आहे? जिने चढू नको म्हणावं. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही हे ठाऊक आहे, पण भाचा लिफ्ट दुरुस्त करणारा असल्यावर एवढं म्हणणं भाग आहे.

कामाचं विचाराल तर हल्ली आठवड्यातून चारच दिवस असतं. नव्या इमारती रखडल्यात आणि जुन्या लिफ्टांचे मालक म्हणतात, चालतेय तोवर चालू द्या. उरलेल्या तीन दिवसांत मी घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल घातलं. शेवटी तुमची भाचेसून म्हणाली, आता तेलाची बाटली माझ्याकडे वळायच्या आत दुसरं काही शोधा. म्हणून तपासणीच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर चित्रं काढायला बसलो. विषय एकच, लिफ्टची वाट पाहणारी माणसं. (वीस वर्षं तीच तोंडं बघतोय. सगळी वर आकड्यांकडे बघत असतात, जणू तिथून निकाल लागणार आहे.) ती चित्रं मी फोनवरच्या एका हौशी चित्रकारांच्या गटात टाकू लागलो. तिथे सगळे टोपणनावानं वावरतात. मी ‘तळमजला’. कोणाची नोकरी गेलेली, कोणाची जायच्या बेतात, पण सकाळी उठून एकमेकांना ‘काय रेषा आलीय!’ म्हणतात. बरं वाटतं हो मामा. आठवड्याला चारच दिवस काम अशी नोटीस लागली त्याच दिवशी माझ्या चित्रातल्या पिशवीवाल्या बाईला एकशेचाळीस जणांनी बदाम दिले. (खायचे नव्हेत, फोनवरचे, लाल.)

गटाचा नियम असा की आपलं एक चित्र टाकलं की दुसऱ्या दोघांना दाद द्यायची. परवा घाईत होतो. ‘कोवळं ऊन’ नावाच्या कोणा सदस्याचं चित्र समोर आलं. मी लिहिलं, ‘भोपळा अगदी जिवंत उतरलाय. देठ तेवढा बारीक करा.’ लिहून जेवायला बसलो. हात धुऊन येतो तर खाली कोणीतरी हळूच कळवलेलं, अहो, ते स्वतःचं चित्र आहे त्यांचं, आणि तो देठ म्हणजे केस आहेत.

सोमवारी कारखान्यात गेलो तर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दोघांना कमी करणार अशी कुजबुज होतीच. साहेबांनी दार लावलं, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “तळमजला तुम्हीच ना? कागदातून आपला शिक्का उलटा दिसतो.” मी मान हलवली. “मग तो भोपळा मी आहे.”

मामा, खड्ड्यात उतरलेलो असताना वरून लिफ्ट आली असती तरी इतका घाम फुटला नसता. पण साहेब रागावले नव्हते. म्हणाले, “नव्वद जणांनी छान म्हटलं. जे दिसलं ते फक्त तुम्ही बोललात. चुकलं कुठे?” मी म्हटलं, “साहेब, कान नाहीत.” कान काढता येत नाहीत म्हणून त्यांनी ते वगळलेच होते! मग मीही धीर करून कमी करायच्या माणसांचं विचारलं. म्हणाले, कोणालाच काढायचं नाही, म्हणून तर सगळ्यांचे चार दिवस केले. (त्यांचा स्वतःचा पगार अर्धा झालाय, हे मला त्यांच्या शिपायाकडून कळलं.) आता जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं कान काढतो. एकूण बरं चाललंय.

सर्वांना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. आपल्या घराण्यात कान म्हणावे असे कान तुमचेच. साहेबांना समोर बसणारा माणूस हवाय, तेव्हा मी तुमचं नाव सांगून बसलो. तीन-चार तास हलायचं नाही, एवढंच.

आणखी एक. पत्र घेऊन आलेले गृहस्थ म्हणजे साहेबच. पाकीट मी चिकटवून दिलंय, त्यांनी काही वाचलेलं नाही. त्यांना आत घ्या आणि आता चेहरा जरा सरळ करा, कारण तुम्ही वाचायला लागल्यापासून ते तुमच्याकडेच बघत असतील.