रूपलला बघायला कारखाना आला

केळवे, रविवार

ती. सौ. सुलूताईस,

धाकटा भाऊ वामन याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. (नसतील तर कळव, काढ्याची मुळं पाठवतो. भावोजी ती फेकून देतात हे ठाऊक आहे, तरी पाठवतो.) इकडे वाडीत सुपारी बरी आहे आणि तुझी भावजयही बरी आहे.

पत्रास कारण आमची लेक रूपल. आपली शाळा, पालघरचं कॉलेज आणि बोईसरचे काही कारखाने यांनी मिळून एक योजना काढली आहे. बारावी झालेल्या मुलांनी आठवड्यातले काही दिवस कॉलेजात शिकायचं, बाकीचे कारखान्यात काम शिकायचं. शेवटी पदवीही हातात आणि नोकरीही. रूपलला प्रयोगशाळेचं काम हवंय. महिनाभर तिनं घरात दुसरा विषय काढू दिला नाही. तर मुलं निवडायला एका कारखान्याचे धर्मेशसाहेब शाळेत येणार असं ठरलं. आता परगावचा माणूस आपलं पोर पसंत करायला येणार म्हटल्यावर गावाला एकच रीत माहीत. बायकांनी कांदेपोहे केले, मुलींना साड्या नेसवल्या, मुलग्यांचे केस तेल लावून चापून बसवले. (रूपलनं साडी नाकारली, पण पोह्यांचा ट्रे तिच्याच हाती आला. साहेब तिला रसायनशास्त्रातलं काही विचारत होते, तोच तिची आई मागून "सैपाक पन येतो" म्हणून मोकळी झाली.)

मग गावानं साहेबांना पारखून घेतलं. पाणी बारमाही आहे का, थोरले मालक तापट आहेत का, सगळं विचारून झालं. शेजारच्या भिकाकाकांनी तर घराण्यात आणखी किती कारखाने आहेत तेही काढून घेतलं. शेवटी मी विचारलं, "आदी तुमच्याकडं दिलेली पोरं सुखात हायत का?"  साहेबांनी लगेच अंकुश नावाच्या शिकाऊ मुलाला फोन लावला, फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. अंकुश म्हणाला, "काका, जेवान बेकार हाय, पन शिकवतात नीट. पोरीला पाठवा." पोराला मोकळं बोलू देणारा हा साहेब मला आवडला.

पण ताई, त्यांनी पोहे अर्धे टाकले, नारळ घेतला नाही (कंपनीत चालत नाही म्हणे) आणि जाताना म्हणाले, "कळवतो." आता याचा अर्थ तुला मी सांगायला नको. तुझ्या वेळी 'कळवतो' म्हणून गेलेले लोक अजून कळवताहेत. त्यांचा नकार येण्याआधी आपला गेलेला बरा, एवढा मान आपण पहिल्यापासून राखत आलो. मी रूपललाच सांगितलं, हेडमास्तरांना निरोप दे, आम्हालाही स्थळ, म्हणजे कारखाना, पसंत नाही. ती चपला घालून निघाली. आणि काल कारखान्याचा फोन! रूपलची निवड झाली, मंगळवारपासून सकाळी सातला हजर व्हायचं.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, खोकल्याला आशीर्वाद नाहीत.

तुझा,
वामन

ता. क. : खरं काम असं की, आपला नकार त्यांना पोचला असेल, तर तू बोईसरलाच आहेस, जाऊन धर्मेशसाहेबांची समजूत घाल. पोरीचा बाप जरा तिरसट आहे, पोर गुणाची आहे, असं काहीतरी सांग. तू थोरली, तुझं ऐकतील. माझ्या तिरसटपणापायी तिचं नुकसान नको.

ता. क. २ : रूपलनं हे मागून वाचलं. म्हणते, "बाबा, तुमचा निरोप मी दिलाच नाय." उद्यापासून ती तुझ्याकडे राहायला येणार, आणि हे आत्याला केव्हापासूनच ठाऊक आहे म्हणे! तेव्हा समजूत घालायला जाऊ नकोस. पोहेही करू नकोस, तिला आता पोह्यांचा वीट आलाय.

ता. क. ३ : (ती बॅग भरायला गेली म्हणून लिहितो.) तो नकार मी मानापायी धाडला नव्हता. साहेब मला पसंत पडले होते, तीच पंचाईत झाली. बोईसर काही लांब नाही, पण संध्याकाळी ओटीवर सुपारी सोलायला मी बसतो तेव्हा समोर ती असते. शनिवारी काम सुटलं की तिला गाडीत बसवून देत जा. मी स्टेशनवर असेन.